निवृत्त आघाडीपटूची कारकीर्द कशी लिहावी : पी. के. बॅनर्जी यांच्या उदाहरणासह

फुटबॉलमधल्या एखाद्या जुन्या आघाडीपटूचा सत्कार होतो, त्याची पंच्याहत्तरी साजरी होते किंवा त्याच्या निधनाची बातमी येते, तेव्हा त्याच्यावर लेख लिहिण्याचे काम बहुधा अशा माणसाकडे येते ज्याने त्याला खेळताना पाहिलेले नसते. मग लेखात एकूण गोल, जिंकलेले चषक आणि मिळालेले पुरस्कार एवढेच उरते. तो खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला असेल तर त्या दुसऱ्या कारकिर्दीला शेवटी एक परिच्छेद मिळतो आणि त्यातही पुन्हा चषकांचीच यादी असते. खेळाडू म्हणून पंधरा वर्षे आणि प्रशिक्षक म्हणून तीस वर्षे घालवलेल्या माणसावर हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. असा लेख नीट कसा लिहावा, त्यासाठी काय गोळा करावे, कशावर विश्वास ठेवावा आणि कशावर ठेवू नये, हे पुढे सविस्तर सांगितले आहे. उदाहरणासाठी प्रदीप कुमार बॅनर्जी यांची कारकीर्द घेतली आहे, कारण भारतीय फुटबॉलमध्ये मैदानावर आणि मैदानाबाहेर सारख्याच उंचीची कामगिरी असलेली माणसे फार थोडी आहेत आणि त्यांच्याविषयी लिहिताना येणाऱ्या अडचणी बहुतेक सगळ्या जुन्या खेळाडूंविषयी लिहितानाही येतात.

पहिले काम कालपट तयार करण्याचे. एका कागदावर डावीकडे वर्षे लिहावीत आणि उजवीकडे तीन रकाने करावेत : क्लब, राज्य किंवा संस्था, आणि देश. युरोपातल्या खेळाडूला दोन रकाने पुरतात. आपल्याकडे मधला रकाना अत्यावश्यक आहे, कारण आपला खेळाडू क्लबकडून खेळतो, संतोष करंडक या राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून किंवा रेल्वे-सेनादलांकडून खेळतो आणि या दोन्ही गोष्टी एकाच हंगामात चालू असतात. बॅनर्जींचा कालपट असा दिसतो. जन्म २३ जून १९३६, जलपायगुडी. बालपणाचा मोठा भाग जमशेदपूरला. संतोष करंडकात पंधराव्या-सोळाव्या वर्षी बिहारकडून पदार्पण. १९५४ मध्ये कोलकात्यात आर्यन क्लब. १९५५ पासून ईस्टर्न रेल्वे, आणि तिथेच १९६७ मधील निवृत्तीपर्यंत मुक्काम. मधल्या रकान्यात बिहार, बंगाल आणि रेल्वे अशा तीन संघांची नावे येतात. देशाच्या रकान्यात १९५५ च्या ढाक्यातील चौरंगी स्पर्धेपासून सुरुवात होते, मग १९५६ चे मेलबर्न आणि १९६० चे रोम ऑलिम्पिक, आणि १९५८, १९६२, १९६६ या तीन आशियाई स्पर्धा.

हा पट तयार झाला की त्यातली सर्वांत ठळक गोष्ट आपोआप समोर येते. भारताचा त्या काळातला सर्वोत्तम आघाडीपटूंपैकी एक, पण मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही मोठ्या क्लबांची नावे खेळाडूच्या रकान्यात कुठेही नाहीत. तो सगळा काळ रेल्वेच्या संघाने व्यापला आहे. अशा ठिकाणी लेखकाने थांबले पाहिजे आणि कारण शोधले पाहिजे. त्या काळी भारतीय फुटबॉलपटू अधिकृतपणे हौशी होता. पोट भरायचे ते नोकरीवर, आणि रेल्वे, टाटा, पोलीस, बंदर न्यास, कापड गिरण्या अशा संस्था नोकरी देऊन संघ उभे करीत. खेळाडूची नोकरी हा त्याच्या कारकिर्दीचा तपशील नसून कणा आहे. मुंबईच्या जुन्या खेळाडूंवर लिहितानाही हेच लागू पडते : तो मफतलालकडून खेळला की टाटांकडून, रेल्वेत होता की खतांच्या कारखान्यात, यावर त्याचे क्लब, त्याचा सराव आणि त्याची निवृत्ती या सगळ्या गोष्टी ठरत असत. बॅनर्जींच्या बाबतीत या निष्ठेचे फळही मोठे होते. १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वेने कोलकाता लीग जिंकली. त्यानंतर मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग यांच्याबाहेरच्या संघाला ही लीग जिंकायला २०१९ साल उजाडावे लागले; तेव्हा ती पीयरलेसने जिंकली. ‘१९५८ चे लीग विजेतेपद’ एवढे तीन शब्द लिहिले तर वाचकाला काहीच कळत नाही; एकसष्ट वर्षांची ही मोकळी जागा दाखवली की त्या विजेतेपदाचे वजन कळते. म्हणून प्रत्येक विजेतेपदापुढे एक प्रश्न लिहून ठेवावा : याच्या आधी आणि नंतर असे कोणी, कधी केले?

आता गोलांच्या आकड्यांकडे वळू. आघाडीपटूवर लिहिताना सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि एकदा छापलेला चुकीचा आकडा पुढच्या प्रत्येक लेखात उतरत जातो. बॅनर्जींच्या निधनानंतर, म्हणजे २० मार्च २०२० नंतर, अनेक वृत्तपत्रांनी त्यांच्या नावावर भारतासाठी ८४ सामने आणि ६५ गोल छापले. अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यांची एकेक नोंद करून तयार केलेल्या याद्या पाहिल्या तर सामने बरेच कमी भरतात आणि गोल वीसच्या आत येतात. हा फरक पाहून कुणावर खोटेपणाचा आरोप करण्याचे कारण नाही. त्या काळी भारतीय संघ लांबलांबचे दौरे करी. त्यात परदेशी क्लबांविरुद्ध, निवडक संघांविरुद्ध, शहरांच्या संघांविरुद्ध सामने होत आणि खेळाडू भारताचाच गणवेश घालून खेळत असे. त्याच्या दृष्टीने तो देशासाठीचा सामना होता. आजच्या नियमांत मात्र दोन देशांच्या मुख्य संघांमधला सामनाच धरला जातो. शिवाय ऑलिम्पिक आणि आशियाई स्पर्धांतले जुने सामने कोणी धरतो, कोणी वगळतो.

यावर उपाय असा. एकच आकडा निवडून तो सत्य म्हणून मांडू नये आणि आकडा टाळूही नये. कोणता आकडा कोणत्या प्रकारच्या सामन्यांचा आहे हे एका वाक्यात सांगावे. त्याहून चांगले म्हणजे ज्या गोलांची तारीख, प्रतिस्पर्धी आणि स्पर्धा आपल्याला खात्रीने माहीत आहे, ते गोल नावानिशी लिहावेत. ‘६५ गोल’ या दोन शब्दांपेक्षा ‘रोम ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध कर्णधार म्हणून केलेला गोल, ज्यामुळे सामना १-१ असा बरोबरीत सुटला’ हे वाक्य वाचकाला खेळाडूच्या जास्त जवळ नेते. त्या स्पर्धेत भारत हंगेरीकडून १-२ आणि पेरूकडून १-३ असा हरला होता, हेही त्याच वाक्याच्या पाठीला लिहावे. पराभव झाकल्याने बरोबरीची किंमत वाढत नाही, उलट कमी होते.

मग एक स्पर्धा निवडावी आणि ती पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत पूर्ण सांगावी. सगळ्या स्पर्धा थोड्याथोड्या सांगण्यापेक्षा एक पूर्ण सांगणे कधीही बरे, कारण आघाडीपटूचे मोल एखाददुसऱ्या गोलात नसते, गोल कोणत्या क्षणी आणि कोणाच्या सोबतीने झाला यात असते. बॅनर्जींसाठी ही स्पर्धा निःसंशय १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची आहे. पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढे थायलंडला ४-१ असे हरवताना बॅनर्जींनी दोन गोल केले, जपानवरच्या २-० विजयात एक केला. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला तेव्हा गोल करणाऱ्यांत ते नव्हते; चुनी गोस्वामींनी दोन आणि जर्नेलसिंगने एक गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरियाच होता. त्या दिवशी स्टेडियममधले प्रेक्षक भारताविरुद्ध खवळलेले होते, कारण इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेत प्रवेश नाकारल्याबद्दल भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी उघड आक्षेप घेतला होता. अशा वातावरणात सतराव्या मिनिटाला बॅनर्जींनी पहिला गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगने दुसरा, आणि भारत २-१ असा जिंकला.

या एका स्पर्धेतून किती गोष्टी लिहिता येतात ते पाहावे. बॅनर्जी उजव्या बगलेवरून खेळत, त्यामुळे त्यांना नुसते ‘स्ट्रायकर’ म्हणून सोडून देणे अपुरे ठरते. चुनी गोस्वामी आणि तुळसीदास बलराम यांच्यासह त्यांचे त्रिकूट होते, आणि त्रिकुटातल्या एकावर लिहिताना उरलेल्या दोघांना लेखात जागा द्यावीच लागते. जर्नेलसिंग मूळचा बचावपटू. थायलंडविरुद्ध डोक्याला मार लागल्यावर तो उपांत्य आणि अंतिम सामन्यात आघाडीला खेळला, आणि ही युक्ती प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांची होती. लेखाच्या उत्तरार्धात प्रशिक्षक बॅनर्जींकडे वळताना हा तपशील उपयोगी पडतो. त्याच संघात मुंबईच्या टाटांकडून खेळणारे गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको होते. आणि सहा वर्षे आधी, १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवणाऱ्या भारतीय संघात तरुण बॅनर्जींच्या सोबत मुंबईचे नेव्हिल डिसोझा होते, ज्यांनी त्या सामन्यात तीन गोल केले आणि ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. मराठी वाचकासाठी लिहिताना अशा ओळखीच्या नावांचा धागा जरूर द्यावा. मात्र तो खरा असेल तरच, ओढूनताणून नव्हे.

खेळाडूचा भाग संपवून प्रशिक्षकाच्या भागाकडे जाताना बहुतेक लेखांत एक वाक्य येते : निवृत्तीनंतर ते प्रशिक्षणाकडे वळले. हे वाक्य लिहू नये. निवृत्ती का झाली, तेव्हा वय किती होते, मधल्या काळात उदरनिर्वाह कशावर होता, पहिला संघ कोणी सोपवला, या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत शोध घ्यावा. बॅनर्जी दुखापतींमुळे १९६७ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना थांबले. मोठ्या क्लबाची जबाबदारी येण्याआधी त्यांनी बाटाच्या संघाला शिकवले. आणि १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळवले तेव्हा जी. एम. एच. बाशा यांच्यासह ते संघाचे प्रशिक्षक होते. त्या पदकानंतर आशियाई स्पर्धेत भारतीय फुटबॉल संघाला एकही पदक मिळालेले नाही. इथे ‘बाशा यांच्यासह’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. प्रसिद्ध माणसावर लिहिताना कमी प्रसिद्ध सहकाऱ्याचे नाव गळणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ज्याचे नाव गळते त्याच्या घरी ते लागते. जोडीने केलेले काम जोडीच्या नावावरच लिहावे.

प्रशिक्षकावर कोणाचा प्रभाव होता हे सांगण्याचा मोह प्रत्येकाला होतो. बॅनर्जी १९५६, १९६० आणि १९६२ मध्ये रहीम यांच्या हाताखाली खेळले, हे नोंदीतले सत्य आहे. त्यावरून ‘रहीम यांच्याकडून त्यांनी सर्व काही शिकले’ असे लिहिणे ही उडी आहे. प्रभाव दाखवायचा तर गुरूने केलेली एक ठोस गोष्ट आणि शिष्याने केलेली एक ठोस गोष्ट शेजारी ठेवावी आणि वाचकाला पाहू द्यावे. रहीम यांनी जखमी बचावपटूला आघाडीला नेऊन सामना जिंकला. खेळाडूला नेहमीच्या जागेवरून हलवून त्याच्यातले दुसरेच बळ वापरण्याचे धाडस बॅनर्जींनी मैदानावर शेजारून पाहिले होते. एवढे सांगून थांबावे.

प्रशिक्षकाच्या कामगिरीचे मोजमाप आघाडीपटूच्या मोजमापाहून वेगळे असते, आणि या लेखातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. आघाडीपटूचा गोल त्याच्या नावावर लागतो. प्रशिक्षकाच्या नावावर चषक लागतो खरा, पण तो चषक त्याच्या हाती आलेल्या संघाचाही असतो. म्हणून प्रत्येक क्लबाच्या बाबतीत तीन गोष्टी शोधाव्यात : तो आला तेव्हा संघाची अवस्था काय होती, त्याने कोणते खेळाडू घेतले किंवा सोडले, आणि तो गेल्यावर काय झाले. ईस्ट बंगालने १९७० पासून १९७५ पर्यंत सलग सहा वेळा कोलकाता लीग जिंकली, आणि त्याचे श्रेय सरसकट बॅनर्जींना दिलेले आढळते. ते १९७२ मध्ये आले. म्हणजे पहिली दोन विजेतीपदे त्यांच्या आधीची आहेत. जिंकणारा संघ हाती आला होता, हे मान्य केल्यावर मग त्या संघाला त्यांनी कुठवर नेले ते सांगता येते : १९७२ ची लीग एकही गोल न खाता जिंकली, १९७३ मध्ये कोलकात्यातल्या आयएफए शील्ड या जुन्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाच्या प्योंगयांग सिटी क्लबला ३-१ असे हरवले, आणि ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्याच अंतिम सामन्यात मोहन बागानचा ५-० असा पराभव केला. त्या सामन्यात श्याम थापाचे दोन आणि सुरजित सेनगुप्ता, रणजित मुखर्जी, शुभंकर सन्याल यांचा प्रत्येकी एक गोल होता. कोलकात्यात आजही हा निकाल सांगितला की पुढे काही सांगावे लागत नाही.

पुढच्याच वर्षी बॅनर्जी मोहन बागानकडे गेले, आणि १९७६ ची लीग मोहन बागानने जिंकली. सहा वर्षांची मालिका तुटली ती ती मालिका वाढवणाऱ्या प्रशिक्षकानेच. प्रशिक्षकाचे योगदान सिद्ध करणारा यापेक्षा चांगला पुरावा क्वचितच मिळतो : माणूस एका बाजूकडून दुसरीकडे गेला आणि यशही बरोबर गेले. आपल्या लेखातल्या प्रशिक्षकाने क्लब बदलला असेल तर ते वर्ष आणि त्याच्या आधीचे-नंतरचे वर्ष अगदी बारकाईने तपासावे. तरीही एक खबरदारी आवश्यक आहे. त्याच सुमारास खेळाडूही बदलतात. सुभाष भौमिक १९७६ मध्ये मोहन बागानला आले, श्याम थापा १९७७ मध्ये आले. प्रशिक्षकामुळे खेळाडू आले की खेळाडूंमुळे यश आले, याचा निवाडा लेखकाने घाईने करू नये; दोन्ही हालचाली तारखांसह मांडाव्यात.

श्याम थापाचे उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते, कारण एका आघाडीपटूने दुसऱ्या आघाडीपटूला कसे वापरले याचा तो जिवंत दाखला आहे. १९७५ ला ईस्ट बंगालसाठी दोन गोल करणारा हा खेळाडू २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यू यॉर्क कॉसमॉसविरुद्ध मोहन बागानसाठी गोल करताना दिसतो. तो सामना २-२ असा सुटला. मोहन बागानचा दुसरा गोल मोहम्मद हबीबचा, आणि पेलेला आवरण्याची कामगिरी गौतम सरकारची. आघाडीपटू राहिलेल्या प्रशिक्षकावर लिहिताना त्याच्या हाताखालच्या एका तरी आघाडीपटूचा असा माग काढावा. तो आधी किती गोल करत होता, नंतर किती करू लागला, त्याची जागा बदलली का, हे मिळाले तर प्रशिक्षणाविषयी दहा विशेषणे वापरण्याची गरज राहत नाही.

१९७७ हेच वर्ष चांगल्या-वाईट दोन्ही बाजू एकत्र मांडण्यासाठीही उपयोगी आहे. मोहन बागानने त्या हंगामात आयएफए शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स हे तिन्ही चषक जिंकले. असे करणारा तो पहिला भारतीय क्लब. पण त्याच वर्षी लीग ईस्ट बंगालने परत घेतली, आणि कोचीला झालेल्या पहिल्याच फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात बंगळूरच्या आयटीआयने मोहन बागानला हरवले. गौरवलेखांत तीन चषक असतात आणि हे दोन पराभव नसतात. माझे ठाम मत आहे की ते असले पाहिजेत. ज्या संघाने पेलेच्या संघाला बरोबरीत रोखले त्याला एका सार्वजनिक उद्योगाच्या संघाने हरवले, हे वाचल्यावरच त्या काळच्या भारतीय फुटबॉलची खोली कळते, आणि त्या स्पर्धेत टिकून राहणाऱ्या प्रशिक्षकाचे कष्टही कळतात.

रोव्हर्स चषकाचा उल्लेख आला म्हणून संदर्भ कुठे शोधावेत हे इथेच सांगतो. ही स्पर्धा मुंबईत, कूपरेज मैदानावर होत असे. कोलकात्याच्या संघांवर आणि प्रशिक्षकांवर मराठीत लिहू इच्छिणाऱ्याला त्यासाठी कोलकात्यालाच जावे लागते असे नाही; रोव्हर्सच्या दिवसांतली मुंबईची मराठी आणि इंग्रजी वृत्तपत्रे पाहिली तर बाहेरच्या तटस्थ नजरेने लिहिलेली सामन्यांची वर्णने सापडतात. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात आणि मुंबईतल्या इतर जुन्या ग्रंथालयांत अशा अंकांचे संग्रह आहेत. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचा अंक हा सर्वांत विश्वासार्ह. त्यानंतर स्पर्धेची स्मरणिका. त्यानंतर फुटबॉलच्या निकालांच्या नोंदी ठेवणाऱ्या आरएसएसएसएफसारख्या संकेतस्थळांवरील तक्ते. आणि सगळ्यांत शेवटी निधनानंतरचे लेख, कारण ते घाईत आणि एकमेकांवरून लिहिलेले असतात. जुन्या चषकांच्या बाबतीत ‘संयुक्त विजेते’ हा प्रकार ध्यानात ठेवावा. १९७२ चा रोव्हर्स ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांना संयुक्तपणे मिळाला होता. तो नुसता ‘ईस्ट बंगालने जिंकला’ असे लिहिले तर ते अर्धेच खरे होते.

प्रशिक्षकपदाच्या नोंदींत आणखी एक गुंता असतो तो हुद्द्यांचा. प्रशिक्षक, सहप्रशिक्षक, तांत्रिक संचालक, व्यवस्थापक ही पदे वेगवेगळी आहेत आणि अलीकडच्या काळात परवान्यांच्या अटींमुळे कागदावरचा हुद्दा आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर पडू लागले. बॅनर्जींचेच शिष्य सुभाष भौमिक यांचे उदाहरण घ्या. तेही आघाडीपटू, १९७० च्या कांस्यपदक विजेत्या संघातले, आणि पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी २००३ मध्ये ईस्ट बंगालला जकार्तामध्ये आसियान क्लब स्पर्धा जिंकून दिली. २०१२-१३ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने आय-लीग ही तेव्हाची राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा भौमिक तांत्रिक संचालक होते आणि प्रशिक्षकपदी मारियानो डायस यांचे नाव होते, कारण त्या पदासाठी ‘ए’ परवाना सक्तीचा झाला होता. लेखात दोन्ही नावे आणि दोन्ही हुद्दे लिहावेत. बॅनर्जींच्या बाबतीतही जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीतले तांत्रिक संचालकाचे काम आणि क्लबांचे प्रशिक्षकपद वेगवेगळे मांडायला हवे. अकादमीत चषक मिळत नाहीत, तिथे पुढच्या पिढीतले खेळाडू घडतात, आणि त्याचा हिशेब नावांनीच द्यावा लागतो.

आता आख्यायिकांविषयी. बॅनर्जींची सामन्याआधीची भाषणे ‘व्होकल टॉनिक’ म्हणून प्रसिद्ध होती, आणि त्यांच्याविषयीच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ती असतात. एखाद्या व्यक्तीविषयीची ठरलेली ओळख वगळू नये, कारण वाचक ती शोधतो. पण तिच्या आहारी जाऊ नये. भाषणातली वाक्ये अवतरणचिन्हांत द्यायची असतील तर ती ऐकणाऱ्या माणसाने कुठे, कधी सांगितली हे माहीत असले पाहिजे. पन्नास वर्षांनी आठवणीतून सांगितलेले वाक्य शब्दशः खरे मानू नये, त्याचा आशय आपल्या शब्दांत द्यावा. शिवाय भाषणाच्या कीर्तीमुळे डावपेच झाकले जातात. १३ जुलै १९९७ चा फेडरेशन चषकाचा मोहन बागान-ईस्ट बंगाल उपांत्य सामना पाहावा. तेव्हा बॅनर्जी ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता ‘डायमंड’ या आपल्या आक्रमक रचनेमुळे गाजत होते, सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची जाहीर थट्टा केली होती, आणि सॉल्ट लेक स्टेडियमवर १,३१,००० हून अधिक प्रेक्षक जमले होते. ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला, बायचुंग भुतियाने तीन गोल केले. हा विजय केवळ खेळाडूंना चेतवल्यामुळे मिळाला असे सांगितले जाते. पण पुढे सरकणाऱ्या रचनेच्या मागे मोकळी जागा उरते आणि वेगवान आघाडीपटूला तीच हवी असते, हे आयुष्यभर बगलेवरून धावलेल्या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. भाषण आणि डावपेच दोन्ही लिहावेत. आणि लगेच पुढे हेही लिहावे की अंतिम सामन्यात ईस्ट बंगालला गोव्याच्या साळगावकर संघाने २-१ असे हरवले. डायमंड सामन्याच्या कथेत हा निकाल जवळजवळ कुणालाच आठवत नाही. गोव्याच्या वाचकाला मात्र तो नक्की आठवतो.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद क्लबाच्या प्रशिक्षकपदापासून वेगळे ठेवून लिहावे. तिथे खेळाडू विकत घेता येत नाहीत, सराव शिबिरांपुरता मिळतो, आणि निवड इतरांच्या हातीही असते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत बॅनर्जींच्या संघाने बांगलादेश आणि मलेशियाला हरवले, चीनशी २-२ अशी बरोबरी केली आणि उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून ०-१ असा पराभव पत्करला. पदक नाही म्हणून एका ओळीत आटोपण्यासारखी ही स्पर्धा नाही.

हे सगळे बॅनर्जींविषयी झाले, ज्यांच्या नोंदी कमीअधिक का होईना पण उपलब्ध आहेत. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीच्या संघाकडून वीस वर्षे खेळलेला आणि नंतर त्याच पेठेतल्या मुलांना शिकवणारा आघाडीपटू लिहायचा असेल तर छापील नोंदी फारच थोड्या मिळतात. तिथे मुलाखत हेच मुख्य साधन. मुलाखतीला जाताना आधी कालपट रिकामा का असेना, तयार करून न्यावा, आणि खेळाडूसमोर ठेवून भरावा. ‘तुमचा सर्वांत आवडता गोल कोणता’ असे विचारू नये. ते उत्तर त्यांनी अनेकदा दिलेले असते. त्याऐवजी पास कोणी दिला, गोलरक्षक कोण होता, मैदान कोणते होते, पाऊस होता का, बूट कोणाचे होते, असे विचारावे. तपशिलातून आठवण मोकळी होते आणि ती तपासताही येते. मग तोच सामना दुसऱ्या संघाच्या बचावपटूला विचारावा. आघाडीपटूविषयी सर्वांत नेमके त्याला अडवणारा सांगतो, तर प्रशिक्षकाविषयी त्याने संघाबाहेर बसवलेला खेळाडू सांगतो. घरात कात्रणांची वही असेलच; तिच्यातल्या प्रत्येक कात्रणाचा फोटो घ्यावा, आणि कात्रणावर तारीख नसेल तर मागच्या बाजूची बातमी किंवा जाहिरात पाहून महिना-वर्ष ठरवता येते. वही घरी घेऊन जाऊ नये.

प्रत्यक्ष लिहिताना जागेची वाटणी आधी ठरवावी. कारकिर्दीचा जो भाग लांब होता त्याला जास्त जागा, हा साधा नियम बहुतेक वेळा योग्य ठरतो. दोन हजार शब्दांच्या लेखात बॅनर्जींच्या प्रशिक्षणाला निम्म्याहून अधिक जागा मिळायला हवी. पुरस्कार एका वाक्यात पुरतात : १९६१ चा अर्जुन पुरस्कार, १९९० ची पद्मश्री, २००४ मध्ये फिफाचा शताब्दी सन्मान. बंधू प्रसून बॅनर्जी हेही भारताचे कर्णधार होते, हे कुटुंबाच्या वाक्यात यावे. भावाची कारकीर्द मोठी असली तरी ती वेगळ्या लेखाची आहे.

लेख पूर्ण झाल्यावर तो एकदा केवळ आकड्यांसाठी वाचावा. प्रत्येक तारखेखाली, निकालाखाली आणि नावाखाली पेन्सिलने रेघ मारावी आणि प्रत्येक रेघेसमोर समासात तो तपशील कुठून घेतला ते लिहावे. ज्या रेघेसमोर काही लिहिता येत नाही तो तपशील काढून टाकावा, मग तो कितीही सुंदर असो. त्यानंतर लेखाची एक प्रत खेळाडूला, आणि तो हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना द्यावी, व चुका दुरुस्त करून मागाव्यात. मते मात्र आपलीच ठेवावीत. छापून आल्यावर लेखाची एक प्रत, मुलाखतीचे ध्वनिमुद्रण आणि कात्रणांचे फोटो जिल्हा फुटबॉल संघटनेकडे किंवा गावच्या वाचनालयात ठेवावेत, म्हणजे पुढे लिहिणाऱ्याला कालपट पहिल्यापासून मांडावा लागणार नाही.